भिंतीवरच्या रुक्मिणीची भागामाय

मागच्या महिन्यात मुलीकडे नागपूरला गेलो होतो. जावई हौशी. त्याने मला अजबखाना दाखवायला नेलं. भुसा भरलेला वाघ पाहिला, जुनी नाणी पाहिली, हात तुटलेल्या मूर्ती पाहिल्या, आणि शेवटच्या दालनात एका जुन्या चित्रापुढे उभा राहिलो तो उभाच राहिलो. चित्र काही फार मोठं नव्हतं. पाणी भरायला नदीवर आलेली एक बाई, घागर भरून झालेली, पण लक्ष घागरीकडे नाही. कोणी हाक मारली असावी. कोणी काढलं, कधी काढलं, काही लिहिलेलं नव्हतं. चित्रापुढे दोरी बांधली होती. मी पुढे कधी वाकलो आणि माझं बोट कधी उचललं गेलं ते मला कळलं नाही. पट्टेवाल्याने काठी आडवी घातली आणि म्हणाला, "बाबा, हाथ पीछे."

माझे डोळे एकदम भरून आले. जावयाला वाटलं, सासऱ्याचा अपमान झाला. तो पट्टेवाल्याशी भांडायला उठला. मी त्याला कसाबसा बाहेर काढला. घरी त्याने सांगितलं की मामांना ऊन लागलं, आणि मुलीने मला दोन दिवस कैरीचं पन्हं पाजलं. मी मुकाट्याने प्यालो. अमरावतीच्या एका बोळात चाळीस वर्षांपूर्वी एक बाई हेच दोन शब्द दिवसातून वीस वेळा म्हणत असे, आणि तिच्याजवळ दोरीही नव्हती आणि पट्टाही नव्हता, हे मुलीला कुठून सांगायचं!

त्या बाईचं नाव भागीरथी. अख्खा बोळ तिला भागामाय म्हणायचा. आमच्या घराला लागून मुरलीधराचं एक लहानसं देऊळ होतं, त्या देवळाची ती गुरवीण. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही, तेव्हा झाडलोट, पाणी, फुलं सगळं तिच्याच अंगावर. मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा, सरकारी शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलेला. माझ्या खोलीची खिडकी देवळाच्या सभामंडपावर उघडायची. त्यामुळे भागामायचा आवाज मला घड्याळासारखा उपयोगी पडे. पहाटेचा केरसुणीचा आवाज म्हणजे उठायची वेळ, आणि "हात मांगं!" अशी पहिली गर्जना म्हणजे शाळेला निघायची वेळ.

ती गर्जना असायची मंडपाच्या उजव्या भिंतीपाशी. त्या भिंतीवर रुक्मिणीहरणाचं चित्र होतं. भोसल्यांच्या वेळी कोणी चितारी नागपूरकडून आला, चार महिने देवळात राहिला, चुन्याच्या भिंतीवर हे चित्र काढलं आणि निघून गेला, एवढंच लोकांना ठाऊक. रथ पिवळा, आकाश निळं, पुढे चार घोडे. कृष्ण तसा बेताचाच होता, चिताऱ्याला तो साधला नव्हता. घोड्यांचे पाय मी एकदा मोजले तर तेरा भरले. मी ते भागामायला सांगितलं.

"बाकीचे मांगं हायेत," ती म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पण रुक्मिणी! तिच्याविषयी मी थट्टा करणार नाही. रथाच्या कठड्याला एक हात धरून तिने तोंड मागे वळवलं होतं. मागे कौंडिण्यपूर, तिचं माहेर. ते आमच्या गावापासून बैलगाडीने दिवसाच्या वाटेवर, तेव्हा ही देवी काही आम्हाला परकी नव्हे. रुक्मिणी ही वऱ्हाडची लेक. सगळे म्हणतात हरण, पण तिनेच पत्र धाडून त्याला बोलावलं होतं, हे काय कोणाला ठाऊक नाही? आपल्या मर्जीने निघालेली ती, हव्या त्या माणसाच्या शेजारी बसलेली, आणि तरी तिचं तोंड असं मागे वळलेलं. ती रडत नव्हती. ओठ मिटलेले होते. डोळे कोणाला तरी शोधत होते आणि ते माणूस वेशीपर्यंत आलं नव्हतं, असं काहीसं त्या डोळ्यांत होतं. मी शिकलेला माणूस, देवळात जाऊन डोळे पुसणारा नव्हे. पण शाळेतून येताना त्या भिंतीकडे न बघता मला घरात शिरता आलं नाही, हे खरं आहे.

भागामाय दिसायला काटक, काळी, उंच. आवाज दमदार. बोलणं असं की पुण्याहून आलेले आमचे हेडमास्तर तिला "ती भांडकुदळ" म्हणत. ती भांडत नसे, ती तशीच बोले, ळचा य करणारी ठसक्यातली वऱ्हाडी. रोज सकाळी ती देवळाच्या मागच्या बाजूने जाऊन भिंतीला हाताची पालथी बाजू लावून ओल आली आहे का ते बघायची. मग पुढे येऊन सरकी काढलेल्या कापसाचा बोळा चित्रावरून फिरवायची. फिरवायची म्हणजे काय, कापूस भिंतीला लागे की नाही याचीच मला शंका असे. निरांजन, उदबत्ती, धूप सगळं भिंतीपासून चार हात लांब. एखादी बाई दिवा घेऊन जवळ सरकली की ही मधे उभी.

"काजयी धरते वं. तिचं तोंड कायं करतं का?"

"देवापुढं दिवा नाही लावायचा तं काय करायचं?" बाई चिडायची.

"देव तिकडे हाये, गाभाऱ्यात. अठी फक्त पाहाचं. डोयानं पाहा, अन् हात मांगं."

हे "हात मांगं" तिला का म्हणावं लागे, ते सांगतो. आमच्या भागात रीत होती. लग्न होऊन मुलगी सासरी निघाली की आधी तिला या देवळात आणायची. रुक्मिणी सासरी निघालेली, आपली लेक सासरी निघालेली. मुलीने रुक्मिणीच्या कपाळाला कुंकू लावायचं, खणानारळाने ओटी भरायची, मग गाडीत बसायचं. भागामायच्या सासूच्या काळापर्यंत हे असंच चाललं होतं. त्यापायी रुक्मिणीच्या उजव्या भुवईचा शेवट पुसला गेला होता. सगळी बोटं प्रेमानेच लागलेली, पण भुवई गेली ती गेलीच.

भागामायने ही रीत मोडली नाही, वळवली. तिच्या नवऱ्याने तिला सांगितलं होतं की मूर्तीला पाणी चालत नसेल तर आरसा समोर धरून आरशातल्या मूर्तीला स्नान घालतात. तिने तेच धरलं. नवरीला भिंतीकडे पाठ करून उभी करायची आणि लाकडी चौकटीतला वीतभर आरसा तिच्यासमोर धरायची. आधी पोरीला आपलंच रडून सुजलेलं तोंड दिसे. मग भागामाय आरसा जरासा कलवायची, आणि पोरीच्या तोंडाच्या जागी रुक्मिणी येई. "हं, लाव आता." पोर आरशाला कुंकू लावायची. कित्येक पोरी त्या वेळी हुंदका देऊन भागामायच्या गळ्यात पडत. तीही त्यांना थोपटे, पण एक डोळा भिंतीकडे ठेवून.

मग ती कापसाची वर्षं आली. सातासमुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली आणि इकडे आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. लोक वेड्यासारखे वागू लागले. गाद्या-उशा उसवून त्यातला जुना कापूस विकला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्या पाटलाने जन्मात मांडव घातला नव्हता त्याने नातवाच्या बारशाला अकोल्याहून ताशेवाले आणले. आणि भागामायला चित्र पुसायला चिमूटभर कापूस मिळेना.

एकदा ती बाजारात गाड्यांखाली सांडलेली बोंडं वेचत होती, तर एका अडत्याच्या राखणदाराने तिचा हात धरला. चोर चोर म्हणून ओरडला. मी शाळेतून येत होतो, माणसं जमलेली पाहून थांबलो. भागामायने मूठ उघडून दाखवली.

"तुह्या शेठची गादी नाही भरून राहिली मी. रुक्मिणीचं तोंड पुसाले पायजे."

अडत्या भला माणूस होता. त्याने वरच्या प्रतीच्या गासडीतून ओंजळभर कापूस काढून दिला. भागामायने तो बोटांत फिरवून पाहिला आणि परत केला. म्हणाली, "ह्यात पानाची पत्ती हाये. ओरखडा पडन." सगळा बाजार हसला. तिने घरी जाऊन स्वतःच्या गोधडीतला कापूस काढून पिंजला.

एवढं काय आहे त्या चित्रात, असं मी तिला एकदाच विचारलं. दुपारची वेळ होती, देवळात कोणी नव्हतं. ती भिंतीसमोर बसून वाती वळत होती. हातातली वात तिने वळून पुरी केली. मग म्हणाली, "मी बायापूरकडची, मास्तर. नऊ वर्षांची होती, लगन होऊन आली. गाडीतून उतरवलं अन् पयले अठीच आनलं. मी पाह्यलं, हे बी मांगं पाहून राहिली. म्हटलं, चाला, एक जन तं हाये माह्यासारखं." पुढे तीन वर्षांत पटकीची साथ आली आणि तिच्या माहेरचं एकही माणूस उरलं नाही. "माह्या मायचं तोंड मले आठवत नाही आता. लय आठवून पाह्यलं. डोये मिटले का हेच येते." एवढं बोलून तिने परात उचलली आणि आत निघून गेली. मी तिथे बसून राहिलो आणि मला आपलं विचारणं नकोसं झालं.

आणि त्याच वर्षी पाटलीण आली.

पूर्णेकाठच्या एका गावची ही गोदू पाटलीण. सत्तर एकर काळी जमीन, सगळी कापसाखाली. तिची एकुलती एक मुलगी, सुभद्रा, खानदेशात दिलेली. सासरच्यांनी काही कुरापत काढून तिला पाच वर्षं माहेरी धाडलं नव्हतं. पाटलिणीने रुक्मिणीला नवस बोलला होता, माझी लेक एकदा माझ्या दारात आण, तुझं तोंड सोन्याने मढवीन. त्या दिवाळीला सुभद्रा आली. पाटलीण तशीच गाडी जुंपून देवळात आली आणि मंडपात उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाली, "रथसप्तमीले सोन्याचा वरख लावतो. पुरा तोंडाले. बऱ्हाणपूरचा कारागीर सांगतला हाये."

मी खिडकीत होतो. भागामायच्या हातातला तांब्या खाली पडला नाही की काही नाही. तिने तो हळूच ओट्यावर ठेवला.

"पाटलीनबाई," ती म्हणाली, "आरशाले लावा. मी धरतो."

"मी आरशाले बोलली नाही. तिच्या तोंडाले बोलली."

"सोन्याखाली तिचं तोंड कसं दिसन?"

"सोन्याचं दिसन," पाटलीण म्हणाली. तिच्या बोलण्यात उर्मटपणा मुळीच नव्हता. पाच वर्षं रडून मागितलेलं मिळालं होतं, आणि ती फेडायला आली होती. हेच तर अवघड होतं. ती दुष्ट असती तर मला सोपं गेलं असतं.

देवळाचे पाच पंच होते. त्यांचे मुख्य रंगनाथपंत, वकील. पाटलीण मंडपाची गळकी कौलंही बदलून देणार होती. पंचांनी एकमुखाने हो म्हटलं. भागामाय त्यांच्यासमोर जाऊन बोलली, वरख चिकटवायला तेल लागतं, आणि चुन्यात तेल गेलं की ते निघत नाही, वरख उडाला तरी खाली काळा डागच राहील. रंगनाथपंत हसून म्हणाले, "बाई, देवीला सोनं चढतं आहे, आणि गुरवीणच आडवी येते?" बाकीचेही हसले.

ती सरळ माझ्या दारात आली. दारात म्हणजे उंबऱ्याबाहेर, आत ती कधी यायची नाही.

"मास्तर, तुमी येवढ्या पोथ्या वाचता. चित्राले असं करू नये, असं कोठी लिवलं असन तं पाहा ना. येक कागद लिवून द्या पंचाईले. तुमचं ते आयकतीन."

मी म्हणालो, "बघतो."

मी दोन संध्याकाळी पोथ्या चाळल्या. हवं ते नेमकं सापडलं नाही, पण कागद लिहायला पोथीची गरज नव्हती. लिहिता आलं असतं. रंगनाथपंत शाळा कमिटीवर होते आणि माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती, हे खरं कारण. भागामायने पुन्हा विचारलं नाही. रोज समोरून जाताना ती माझ्याकडे एकदा बघे आणि मी पायात वहाण घालायला वाके.

रथसप्तमीला दहा दिवस उरले, मग आठ, मग पाच. ती भिंतीसमोरून हलेना. जेवण तिथेच, झोप तिथेच. ओरडणंही बंद झालं होतं. पोरं हात पुढे करत, ती नुसती त्यांचं मनगट धरून बाजूला करे. आमच्या बोळातल्या बायका सांगू लागल्या की म्हातारीला लागीर झालंय. दोन दिवस आधी बऱ्हाणपूरचा कारागीर येऊन भिंत पाहून गेला. तो बराच वेळ रुक्मिणीसमोर उभा होता. जाताना त्याने भागामायला विचारलं, "अम्मा, यह किसने बनाई?" ती म्हणाली, "मालूम नहीं." त्याने पुन्हा एकदा वळून चित्राकडे पाहिलं, आणि मला आशा वाटली. वेडी आशा. त्याला मजुरी ठरलेली होती, तो काय करणार?

सप्तमीच्या सकाळी ताशे वाजत आले. मंडप माणसांनी गच्च भरला. पाटलीण नवं इरकली लुगडं नेसलेली, शेजारी सुभद्रा, मान खाली घातलेली, हडकलेली. पंच पुढे बसलेले. मी माझ्या खिडकीत. कारागिराने वाटीत लाख आणि जवसाचं तेल कालवलं. वरखाची पुडी उलगडून पाटावर ठेवली. बारीक वारा आला तशी सोन्याची पानं थरथरली आणि सगळ्या मंडपाने श्वास धरला.

रीत अशी ठरली होती की तेलाचं पहिलं बोट पाटलिणीने स्वतः लावायचं. तिचा नवस, तिचं बोट. मग पुढे कारागीर. तिने वाटीत अनामिका बुडवली. देवीचं नाव घेतलं. भागामाय भिंतीपाशी उभी होती, हात जोडून, डोळे मिटून. मला वाटलं, हरली. मला, खोटं कशाला सांगू, थोडं हलकंही वाटलं, की सुटलो, आता माझ्याकडे कोणी बघणार नाही.

पाटलिणीचं बोट वर गेलं. आणि भागामाय दोन पावलं सरकली. रुक्मिणीचं तोंड त्या भिंतीवर माणसाच्या तोंडाइतक्याच उंचीवर होतं. भागामायचं डोकं बरोबर त्याच्या समोर आलं. रुक्मिणी दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी भागामायचं काळं, सुरकुतलेलं, रिकाम्या कपाळाचं तोंड दिसू लागलं.

"लाव," ती म्हणाली. "माह्या कपायाले लाव. तिच्या तोंडासमोर हाये मी."

ताशे थांबले. विधवेच्या कपाळाला, देवळात, सोनं! कोणी तरी "शिव शिव" म्हणालं. रंगनाथपंत उठून उभे राहिले आणि ओरडले, "बाजूला हो!" भागामाय हलली नाही.

"पाटलीनबाई," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला, "तुही लेक तुले परत भेटली. माहं कोनी नाही उरलं. हे येवढं येक तोंड हाये. याच्यावर तेल नोका लावू. मी मेल्यावर लावा. पाया पडतो तुह्या."

ती पाया मात्र पडली नाही. पडली असती तर भिंत मोकळी झाली असती.

पाटलिणीचं बोट तसंच अधांतरी. तेलाचा थेंब बोटावरून मनगटाकडे ओघळला. तिने एकदा आपल्या मुलीकडे पाहिलं. सुभद्राने मान वर केली नव्हती, पण तिचे खांदे हलत होते. मग पाटलिणीने ते बोट भागामायच्या कपाळाला टेकवलं. भुवईपासून भुवईपर्यंत ओढलं. कारागिराच्या पाटावरचं एक पान तिने स्वतः उचललं. त्याला श्वासही लागू द्यायचा नसतो, हे तिला काय ठाऊक! अर्धं पान तिच्या बोटालाच चिकटलं. उरलेलं तिने भागामायच्या कपाळाला लावलं आणि मोठ्याने म्हणाली, "फिटला. माहा नवस फिटला. कोनाले काही बोलाचं असन तं माह्याशी बोला."

दोघी बायका एकमेकींना धरून ज्या रडल्या, ते सांगता येणार नाही मला. मंडपातल्या सगळ्या बायका रडत होत्या. कारागीर आपली पुडी बांधताना हळूच हसला. मी खिडकीत उभा राहून रडलो. माझ्या वतीने त्या म्हातारीने केलं होतं सगळं.

पाटलिणीने पुढे कौलंही बदलून दिली. पण पंचांना ते पचलं नाही. पुरुषांचा झालेला अपमान बायकांनी मिटवून चालत नाही. आठ दिवसांनी बैठक भरली. विधवेने सौभाग्याचं चिन्ह मिरवलं, देऊळ विटाळलं, पंचांची आज्ञा मोडली. भागामायला काढून तिच्या नवऱ्याच्या चुलत पुतण्याला गुरवकी दिली. तिने काही वाद घातला नाही. पुतण्याला भिंतीसमोर उभं करून तासभर समजावलं, ओल कशी बघायची, कापूस कसा धरायचा, आरसा किती कलवायचा. तो "हाव, हाव" म्हणत होता. मग ती बोचकं घेऊन माझ्या उंबऱ्याबाहेर आली.

"चालली मी अकोल्याले. तठी सरकी काढाले बाया लागतेत म्हनते. तुमी हायेच अठी, मास्तर. जरा ध्यान ठेवजा."

मी म्हणालो, "ठेवतो."

पुतण्या वाईट नव्हता. त्याला नवरीच्या लोकांकडून चार ओवाळण्या मिळत, आणि आरशाला कुंकू लावायला कोणाला आवडत नसे. पहिल्या महिन्यात त्याने आरसा धरला, दुसऱ्या महिन्यात धरला नाही. कापसाचा पैसा खेळत होता, लग्नं जोरात होती. लोक गावोगावहून नवऱ्या घेऊन येऊ लागले, कारण आता सोन्याच्या नवसाची गोष्ट सगळीकडे पसरली होती. ज्या रुक्मिणीसाठी एक म्हातारी आडवी उभी राहिली, तिला हात लावल्याशिवाय कोण जाणार? कुंकू, हळद, तेल. मी खिडकीतून बघत होतो. एकदा पुतण्याला म्हणालो, "अरे, आरसा कुठे आहे?" तो म्हणाला, "फुटला, मास्तर." मी पुन्हा विचारलं नाही. दोन वर्षांत तिथे तोंड राहिलं नाही. रथ होता, तेरा पायांचे घोडे होते, कठड्यावरचा हात होता. मानेच्या वर भाकरीएवढा लाल-काळा डाग होता, आणि लोक त्याच्या पाया पडत होते.

नंतर तिकडची लढाई संपली, कापूस आपटला, आणि माझी बदली अकोल्याच्या शाळेत झाली. तिथे एका सकाळी शाळेला जाताना कापसाच्या आवारात मला ती दिसली. बायकांची रांग बसली होती, प्रत्येकीपुढे सरकी काढायचा लाकडी चरक. ती शेवटची. केस सगळे पांढरे, त्यावर कापसाची तुसं बसलेली, त्यामुळे केस कुठले आणि कापूस कुठला ते कळत नव्हतं. डोळ्यांत फुलं पडली होती. मी हाक मारली तर आवाजावरून ओळखलं. एकदम उठून उभी राहिली.

"मास्तर! कवा आले? बायको बरी हाये ना? पोट्टे किती?"

मी सांगितलं. ती ऐकत होती, पण मला समजत होतं की ती हे ऐकायला उभी राहिलेली नाही. तिने पदराला हात पुसले. पुसतच राहिली. विचारायला तिला भीती वाटत होती. त्या बाईला घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"कशी हाये?" ती शेवटी म्हणाली.

चरकांचा आवाज चालू होता. मला वाटलं, सांगावं. तिला खरं सांगायचं एवढं तरी माझ्याकडून व्हावं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "आहे तशी आहे, भागामाय. तशीच बघते."

तिने मोठा श्वास सोडला. तिचा चेहरा इतका निवळला की मला तिच्याकडे बघवेना.

"पुतन्या पोट्टा ध्यान देते तं मंग. मी उगीच त्याच्यावर शंका घेतली." मग हसून म्हणाली, "नाही, त्याचं काय! तुमी होते ना शेजारी. म्हनून तं मी निघू शकली. नाही तं मले तठून कोनी हलवलं असतं का?"

शेजारच्या बाईने तिला हाक मारली. ती चाचपडत खाली बसली, चरकाचा दांडा धरला आणि कामाला लागली. मी बराच वेळ तिथे उभा होतो, पण तिला वाटलं मी गेलो.